आयाक्सचा सर्वकालीन संघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा चौघांचा एक ग्रुप आहे. त्यावर अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स या फुटबॉल क्लबाचा 'आजवरच्या सगळ्या काळातला संघ' निवडायचा उद्योग सुरू झाला आणि तेवीस नावांवर येऊन कसाबसा थांबला. यादी बाहेर पाठवल्यापासून तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं इथे एकदाच लिहून टाकतो. 'आम्ही' म्हटलं तरी शेवटचा शब्द माझा होता, त्यामुळे शिव्या मलाच द्या.

आधी हे सांगा, एजॅक्स की आयाक्स?

आयाक्स. इंग्रजी समालोचकांमुळे आपल्याकडे एजॅक्स रुळलं, पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये 'ज'चा उच्चार 'य' होतो. नाव ट्रोजन युद्धातल्या ग्रीक योद्ध्याचं, क्लबचा जन्म १८ मार्च १९०० चा. त्याच न्यायाने खेळाडूही योहान क्रॉयफ, यारी लिटमानेन. एजॅक्स म्हणालात म्हणून कुणी ग्रुपमधून काढणार नाही.

तेवीसच का? अकरा निवडून मोकळं व्हायचं ना!

अकरा जणांची यादी फार सोपी असते आणि तिच्यात भांडायला काही उरत नाही. क्रॉयफ, क्रोल, नेस्केन्स, व्हॅन डर सार ही नावं झोपेतही सुचतात. खरी परीक्षा पंधराव्या नावानंतर सुरू होते. तेवीसमध्ये तीन गोलरक्षक लागतात, प्रत्येक जागेला बदली माणूस लागतो, आणि मग एखाद्या लाडक्या विंगरला घरी बसवावं लागतं.

निवडीची मोजपट्टी काय?

दोन नियम. पहिला, खेळाडूने आयाक्सच्या जर्सीत जे केलं तेवढंच मोजायचं. मिलान, बार्सिलोना, आर्सेनलमध्ये पुढे काय दिवे लावले ते या वहीत येत नाही. दुसरा, क्लबकडे किमान चार मोसम काढलेले हवेत.

हे नियम इतर क्लबांना कदाचित लागणार नाहीत, आयाक्सला लागतातच. हा क्लब मुलांना घडवतो आणि विकतो. त्याच्या प्रशिक्षण मैदानाचं नावच 'डे टूकोम्स्ट', म्हणजे 'भविष्य'. नियम नसतील तर यादीत आयाक्सचे खेळाडू राहत नाहीत, पुढे दुसरीकडे मोठे झालेले खेळाडू राहतात. त्या यादीला 'आयाक्समधून गेलेले लोक' असं नाव द्यावं लागेल.

खरं सांगा, नियम आधी ठरले की नावं आधी?

नियम आधी. पण चार मोसमांचा आकडा ठरवताना एका नावाकडे माझा डोळा होता, हे कबूल. तीन मोसम ठेवले असते तर रोनाल्ड कुमन आत आला असता (१९८३ ते ८६). पुढे तो पीएसव्हीकडे गेला आणि नंतर फेयनूर्दकडेही खेळला. तिन्ही मोठ्या डच क्लबांची जर्सी घातलेला माणूस माझ्या यादीत नको होता. हा पूर्वग्रह आहे. असू दे.

मग इब्राहिमोविच, सुआरेझ, सेडॉर्फ, क्लाइव्हर्ट एकही नाही?

एकही नाही. सगळ्यात जास्त निषेध याच उत्तराचा होतो.

क्लॅरन्स सेडॉर्फ सोळाव्या वर्षी पहिल्या संघात आला आणि १९९५ मध्ये गेलासुद्धा. झ्लाटान इब्राहिमोविच २००१ ते २००४. ब्रेडाच्या संघाविरुद्ध अर्धा बचाव नाचवत केलेला त्याचा गोल आजही लोक एकमेकांना पाठवतात, पण तो झाला आणि काही दिवसांत स्वारी युव्हेंटसला रवाना. पॅट्रिक क्लाइव्हर्टने अठराव्या वर्षी राखीव बाकावरून येऊन १९९५ चा युरोपियन अंतिम सामना जिंकून दिला. तेवढ्या एका गोलासाठी त्याला घ्यावं असं दोन दिवस वाटत होतं. तिसऱ्या दिवशी नियम आठवला.

लुइस सुआरेझचं मात्र मलाही वाईट वाटतं. २००७ च्या उन्हाळ्यात आला, जानेवारी २०११ मध्ये गेला, म्हणजे साडेतीन मोसम. गोल शंभरावर. शेवटी पीएसव्हीच्या खेळाडूच्या खांद्याला चावला, सात सामन्यांची बंदी ओढवून घेतली आणि बंदी संपायच्या आत लिव्हरपूलने त्याला नेलं. अर्ध्या मोसमाने हुकला.

गोलरक्षक कोणते?

एडविन व्हॅन डर सार, स्टॅन्ली मेंझो, हाइन्झ स्टाय.

पहिल्या नावाबद्दल वाद नाही. नूर्डवाइकच्या हौशी क्लबातून १९९० मध्ये आलेला हा उंच, शांत मुलगा १९९९ पर्यंत राहिला. १९९५ चा संघ खेळ मागून रचायचा तो याच्या पायांपासून.

पण त्या पद्धतीची पायवाट मेंझोने पाडली. पारामारिबोत जन्मलेल्या मेंझोला क्रॉयफने प्रशिक्षक म्हणून पुढे ढकललं, कारण तो पायाने खेळू शकत होता. मागे दिलेला पास गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही हा नियम १९९२ मध्ये आला. मेंझो त्याच्या कितीतरी आधीपासून गोल सोडून पुढे येत होता. कधीकधी त्यात फजितीही झाली. १९८७ च्या कप विनर्स कपच्या (देशोदेशीच्या कपविजेत्यांची युरोपियन स्पर्धा) अंतिम सामन्यात मात्र त्याने एकही गोल होऊ दिला नाही.

स्टायचं नाव पाहून लोक हसतात. अ‍ॅमस्टरडॅमकरांनी त्याचं टोपणनाव 'हाइन्झ क्रोकेट' ठेवलं होतं. क्रोकेट म्हणजे आतून चटका देणारा तळलेला रोल. कढईतून काढलेला बटाटेवडा हातात घेतल्यावर आपण जसा या हातातून त्या हातात टाकतो, तसा हा चेंडू पकडायचा. आणि याच माणसाने १९७१, ७२ आणि ७३ या तिन्ही युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. टोपणनाव कायम राहिलं ते राहिलंच.

बचावफळीत सात जण कशाला?

विम सूर्बीर, बारी हुल्शॉफ, व्हेलिबोर व्हासोविच, डॅनी ब्लिंड, फ्रँक रायकार्ड, फ्रँक डी बूर, रूड क्रोल. यातले निम्मे नुसते बचावपटू नाहीत, म्हणून सात परवडतात.

क्रोल डावीकडचा, पण उजव्या पायाचा. त्यामुळे आत वळून मारलेले लांब पास त्याची खासियत. पाय मोडल्यामुळे १९७१ चा अंतिम सामना त्याला खेळता आला नाही, पुढचे दोन खेळला, नंतर कर्णधार होऊन १९८० पर्यंत राहिला. डावीकडे त्याला तोड नाही. उजवीकडे सूर्बीर: आयुष्यभर त्याच एका पट्ट्यात वरखाली धावत राहिला आणि दमला कधी ते कुणी पाहिलं नाही.

ब्लिंडचं नाव जगाच्या याद्यांत दिसत नाही, आयाक्सच्या यादीत ते पहिल्या पाचांत हवं. कप विनर्स कप १९८७, युएफा कप १९९२, चॅम्पियन्स लीग १९९५. तिन्ही युरोपियन चषक याच एका क्लबाकडून, आणि शेवटचा कर्णधार म्हणून उचलला. वेगवान नव्हता. पुढचा पास कुठे जाणार ते आधी ओळखायचा, त्यामुळे धावायची वेळच कमी यायची.

रायकार्डची गोष्ट दोन भागांत आहे. १९८७ मध्ये प्रशिक्षक क्रॉयफशी वाजलं आणि तो सराव सोडून तडक निघून गेला. मिलानकडे सगळं जिंकून १९९३ मध्ये परतला तेव्हा बाकीचा संघ विशी-बाविशीतला होता. चेंडू आपल्याकडे असला की तो बचावातून मधल्या फळीत सरकायचा, गेला की मागे. व्हिएन्नात १९९५ चा अंतिम सामना त्याच्याच जुन्या मिलानविरुद्ध होता. पंच्याऐंशीव्या मिनिटाला क्लाइव्हर्टला पास देणारा रायकार्डच होता, आणि तो त्याचा शेवटचा युरोपियन सामना.

व्हासोविच कोण? आम्ही नाव ऐकलेलं नाही.

बरेच जण विचारतात, म्हणून वेगळा प्रश्न केला. युगोस्लाव्हियाचा लिबेरो, म्हणजे बचावफळीच्या मागे मोकळा राहणारा बचावपटू. १९६६ चा युरोपियन कप अंतिम सामना तो पार्टिझान बेलग्रेडकडून खेळला आणि त्यात रेआल माद्रिदविरुद्ध गोलही केला. त्याच वर्षाअखेर आयाक्समध्ये आला. तोवर आयाक्सला युरोपात मोठे सामने जिंकायची सवय नव्हती. आघाडीवर पोरं हुशार होती, मागे दरडावणारं कुणी नव्हतं. प्रशिक्षक रिनुस मिखेल्सने हा दरडावणारा माणूस विकत घेतला. १९६९ च्या अंतिम सामन्यात मिलानने ४-१ असं धुतलं, त्यातला आयाक्सचा एकमेव गोल व्हासोविचचा, पेनल्टीवर. दोन वर्षांनी वेम्बलीत कर्णधार म्हणून त्याने कप उचलला आणि निवृत्त झाला. लोकांना क्रॉयफ आठवतो. भिंत कुणी बांधली ते कोण विचारतो?

मधली फळी?

योहान नेस्केन्स, आरी हान, गेरी म्यूरेन, सोरेन लेर्बी, एडगर डेव्हिड्स, यारी लिटमानेन.

नेस्केन्सचा खेळ लोकांना फक्त त्याच्या दणदणीत पेनल्टींमुळे आठवतो. १९७१ च्या अंतिम सामन्यात तो राइट बॅक होता. कुठेही टाका, चेंडू हिसकावून पुढे पळणारच. डेव्हिड्सही त्याच जातीचा. लेर्बी डॅनिश, १९७५ ते ८३. युरोपात फार काही हाती न लागलेल्या त्या वर्षांत संघ त्याने ओढला. मोजे नेहमी घोट्यापर्यंत घसरलेले.

लिटमानेन फिनलंडचा. १९९३ मध्ये बेर्गकाम्प इंटर मिलानला गेला तेव्हा रिकामी झालेली दहा नंबरची जर्सी याच्या अंगावर आली आणि त्याच मोसमात २६ गोल करून तो लीगमध्ये पहिला आला. दोन वेळा पाहिल्याशिवाय काय केलं ते कळत नाही, अशा जातीचा खेळाडू.

आणि म्यूरेन. त्याच्यासाठी एकच दृश्य पुरे. एप्रिल १९७३, माद्रिदचं बर्नाबेऊ स्टेडियम, रेआल माद्रिदविरुद्ध उपांत्य फेरीचा परतीचा सामना. लांबून आलेला चेंडू तो डाव्या पायावर झेलतो आणि धावायचं सोडून जागेवरच टप-टप खेळवतो. एखादा पोरगा गल्लीत चेंडू उडवत उभा असतो तसा. मग क्रोल पळत येतो, त्याच्याकडे चेंडू देतो. बस, इतकंच. स्टेडियममधल्या लोकांना कळलं की आता युरोपचा मालक बदललाय. सामना आयाक्सने १-० जिंकला, गोलही म्यूरेनचाच.

क्रॉयफ की व्हॅन बास्टन? मध्ये कोण?

हा प्रश्न आला की मी चहा ठेवतो.

दोघे संघात आहेतच. प्रश्न पहिल्या अकरांचा आहे. व्हॅन बास्टनचे आकडे पाहिले तर कुणीही त्यालाच घेईल: लीगचे १३३ सामने, १२८ गोल. चार मोसम सलग सर्वाधिक गोल, त्यातल्या १९८५-८६ मध्ये ३७. अथेन्समध्ये १९८७ चा कप जिंकून देणारा हेडर त्याचाच. पदार्पण तर नाटकात शोभावं असं: ३ एप्रिल १९८२, नायमेखेनच्या संघाविरुद्ध, बदली म्हणून आत आला, बाहेर कोण गेलं तर क्रॉयफ. आणि त्या सामन्यात गोलही केला.

तरीही माझ्या अकरांत मध्ये क्रॉयफच. कारण आकड्यांत नाही, मैदानाच्या आखणीत आहे. क्रॉयफ सेंटर फॉरवर्ड म्हणून उभा राहायचा आणि तिथे थांबायचाच नाही. तो खाली यायचा. आता प्रतिस्पर्धी सेंटर बॅकने काय करायचं? मागे गेला तर त्याच्या पाठीशी भगदाड, नाही गेला तर क्रॉयफ मोकळा. त्या भगदाडात नेस्केन्स घुसायचा. डावीकडून कायझर आत यायचा, त्याच्या जागी क्रोल वर जायचा. हे सगळं मधली जागा रिकामी होते म्हणून घडतं. व्हॅन बास्टन ती जागा भरून टाकतो. भरतो उत्तमच, पण मग नेस्केन्सचं अर्धं काम जातं आणि मला अर्धा नेस्केन्स नको आहे.

आमच्यातल्या एकाचा तोडगा असा की क्रॉयफला दहा नंबरच्या जागी खेळवा आणि पुढे व्हॅन बास्टन. त्यात लिटमानेन बाहेर जातो. कागदावर चांगलं दिसतं. तासभर उरलेला असताना शून्य-शून्य असेल तर मीही तेच करीन.

१४ नंबर क्रॉयफने का घेतला?

ठरवून घेतला नाही. तो नऊ नंबर घालायचा. ३० ऑक्टोबर १९७० ला, पीएसव्हीविरुद्धच्या सामन्याआधी कपड्यांच्या खोलीत म्यूरेनला त्याची जर्सी सापडेना. दुखापतीतून परतलेल्या क्रॉयफने आपली नऊ नंबरची त्याला दिली आणि राखीव जर्सींतून हाताला आली ती उचलली. ती १४ होती. सामना जिंकला, म्हणून पुढच्या वेळीही तीच. तेव्हा सुरुवातीचे अकरा जण एक ते अकरा नंबर घालत, त्यामुळे हे डोळ्यांत भरायचं. २००७ पासून क्लब तो नंबर कुणालाच देत नाही.

विंगर फक्त तीन?

श्याक स्वार्ट, पीट कायझर, मार्क ओव्हरमार्स. फिनिडी जॉर्ज, येस्पर ओल्सन, व्हान्ट स्खिप हे सगळे माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर अजून आहेत.

स्वार्टला अ‍ॅमस्टरडॅम 'मिस्टर आयाक्स' म्हणतं. ६०३ अधिकृत सामने, क्लबचा विक्रम. १९५६ मध्ये आला तेव्हा डच फुटबॉल नुकताच व्यावसायिक झाला होता, १९७३ मध्ये थांबला तेव्हा संघ सलग तिसऱ्यांदा युरोपचा विजेता होता. ओव्हरमार्सच्या गुडघ्याने १९९५ च्या डिसेंबरात दगा दिला आणि पुढच्या वर्षीचा अंतिम सामना त्याच्याविना पेनल्टींवर हातातून गेला. तो असता तर काय झालं असतं, यावर आमचा एक रविवार गेलाय.

कायझरबद्दल अ‍ॅमस्टरडॅममध्ये म्हणायचे, क्रॉयफ सर्वोत्तम आहे, पण कायझर त्याहून सरस. १९७३ च्या उन्हाळ्यात खेळाडूंनी कर्णधारपदासाठी गुप्त मतदान केलं. क्रॉयफ हरला, कायझर जिंकला. क्रॉयफने त्यानंतर लगेच बार्सिलोना गाठलं आणि तो संघ तिथेच विस्कटला. मतपत्रिकेने मोडलेला असा दुसरा संघ मला माहीत नाही.

क्रॉयफ १९८३ मध्ये फेयनूर्दला गेला. कुमनला पूर्वग्रह, मग याला माफी?

बरोबर पकडलंत. आयाक्सने करार वाढवला नाही, म्हणून रागाने हा गृहस्थ रॉटरडॅममधल्या कट्टर वैऱ्याकडे गेला आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांना लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले. नियम एक सांगतो की बाहेरचं काही मोजायचं नाही. ते चांगल्याला लागू, तसं वाइटालाही. शिवाय दोन वर्षांनी तो प्रशिक्षक होऊन परत आलाच.

युद्धाआधीचे खेळाडू विसरलात का?

एक घेतला: पीट व्हॅन रेनन. १९२९ मध्ये आलेला सेंटर फॉरवर्ड. क्लबसाठी अडीचशेहून जास्त गोल, तेही सामन्यांच्या संख्येपेक्षा जास्त. १९३० च्या दशकात आयाक्सने पाच लीग विजेतेपदं मिळवली, त्यांचा कणा तो. हल्लीच्या बचावासमोर तो टिकला असता का, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. त्याच्यासमोर जे होते त्यांना त्याने हरवलं.

एडी हॅमल यादीत नाही, पण उल्लेख राहून जाऊ नये. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, अ‍ॅमस्टरडॅममध्ये वाढलेला ज्यू राइट विंगर, १९२० च्या दशकात प्रेक्षकांचा लाडका. १९४३ मध्ये आउशवित्झमध्ये त्याला मारलं.

एकविसाव्या शतकातलं एकही नाव नाही. तुम्ही म्हातारे आहात का?

थोडे. पण कारण दुसरं आहे. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपियन न्यायालयाने बोस्मन निकाल दिला: करार संपला की खेळाडू फुकटात जाऊ शकतो, आणि युरोपीय संघातल्या परदेशी खेळाडूंवरची मर्यादाही गेली. डेव्हिड्स आणि रायझिगर १९९६ मध्ये असेच मिलानला गेले, पुढच्या वर्षी क्लाइव्हर्ट. त्यानंतर आयाक्सकडे चांगला खेळाडू टिकतो तो दोन-तीन वर्षं.

२०१९ चा संघ मलाही आवडतो. बर्नाबेऊत ४-१, मग तुरीनमध्ये युव्हेंटसला हरवलं, आणि टॉटनमविरुद्ध उपांत्य फेरीत शहाण्णवाव्या मिनिटाला लुकास मौराने स्वप्न मोडलं. पण फ्रेंकी डी याँग आणि एकोणीस वर्षांचा कर्णधार डी लिख्ट त्याच उन्हाळ्यात गेले. दुसान टाडिच पाच मोसम राहिला, नियमात बसतो, चोविसावं नाव तोच होता. व्हॅन डर व्हार्ट आणि स्नायडरही बसतात, पण कायझर किंवा म्यूरेनला काढून त्यांना घ्यायचं धाडस मला झालं नाही.

बेर्गकाम्प फक्त राखीव?

हो. १९९१, ९२ आणि ९३ अशी तीन वर्षं तो लीगच्या गोल करणाऱ्यांत सर्वांत वर होता (पहिल्या वर्षी रोमारिओबरोबर) आणि युएफा कपही जिंकला. लोकांच्या डोळ्यांसमोर आर्सेनलचा बेर्गकाम्प येतो, म्हणून राग येतो.

प्रशिक्षक कोण?

मिखेल्स. जानेवारी १९६५ मध्ये त्याने संघ हातात घेतला तेव्हा खालच्या विभागात घसरण्याची भीती होती, पुढच्याच वर्षी लीग जिंकली. डिसेंबर १९६६ मध्ये दाट धुक्यात लिव्हरपूलला ५-१ हरवलं आणि युरोपाने पहिल्यांदा मान वळवली. श्टेफान कोव्हाचने १९७२ आणि ७३ चे दोन कप जिंकले, पण मिखेल्सने लावलेल्या झाडाचे. लुई व्हॅन खाल सहायक. दोघांचे स्वभाव पाहता पहिल्या आठवड्यात एक जण राजीनामा देणार, हे गृहीत धरलं आहे.

जॅक रेनॉल्ड्सला विसरू नका असं एकाने कळवलं. बरोबर आहे. या इंग्रज प्रशिक्षकाने तीन वेगवेगळ्या काळांत मिळून आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, आणि १९४६ मध्ये मिखेल्स नावाच्या तरुण फॉरवर्डला पहिल्या संघात खेळवलं ते त्यानेच. संघाच्या छायाचित्रात मधली खुर्ची त्याची.

मग शेवटची अकरा नावं एकदा सांगून टाका.

व्हॅन डर सार. सूर्बीर, ब्लिंड, रायकार्ड, क्रोल. नेस्केन्स, लिटमानेन, म्यूरेन. स्वार्ट, क्रॉयफ, कायझर. कर्णधार ब्लिंड. मतदान घेणार नाही.